छोट्या नळीच्या एआर पिस्तुलाकडून अचूकतेची अपेक्षा किती ठेवावी?

टेक्सास, अ‍ॅरिझोना किंवा जॉर्जियात राहणारा आपला एखादा माणूस पहिल्यांदा एआर-१५ या अमेरिकी रायफलच्या धाटणीचं पिस्तूल विकत घेतो तेव्हा दोन प्रकारचे सल्ले हमखास कानावर येतात. एक म्हणतो, "एवढीशी नळी, पन्नास यार्डांपलीकडे काही लागणार नाही." दुसरा म्हणतो, "माझ्याचा शंभर यार्डांवर एका इंचाचा ग्रुप येतो." (ग्रुप म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका.) पहिलं चुकीचं आहे. दुसरं बहुतेक वेळा तीन गोळ्यांच्या एका नशीबवान कागदावर आधारलेलं असतं. नवा माणूस मात्र या दोन्हींमध्ये अडकतो. चांगल्या बंदुकीला दोष देतो, नाहीतर स्वतःला, आणि पैसे भलत्याच सुट्या भागांवर घालवतो. आपल्या हातातली वस्तू नेमकी काय करू शकते हे एका सकाळीत, थोड्या काडतुसांत तपासता येतं. ते कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी कायद्याचं

बंदुकीला हात लावण्याआधी स्वतःचा इमिग्रेशन दर्जा पाहा. एच-१बी, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेणंही यातच येतं. काही अपवाद आहेत. सर्वांत माहितीतला अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो मिळाला तरी सगळी कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण चूक झाली तर तिची किंमत थेट व्हिसा असते. ग्रीनकार्डधारकांना ही आडकाठी नाही.

आता बंदुकीच्या वर्गीकरणाचं. खांद्याला लावायचा दस्ता आणि १६ इंचांपेक्षा आखूड नळी एकत्र आली की १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली ती 'शॉर्ट बॅरल्ड रायफल' होते आणि एटीएफ या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी बंधनकारक होते. नोंदणीबरोबरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला आहे, पण नोंदणी आहे तशीच आहे. दस्त्याऐवजी हाताला बांधायचा ब्रेस असलेलं हत्यार पिस्तूल म्हणून विकलं जातं. जानेवारी २०२३ मध्ये एटीएफने ब्रेसबद्दल कडक नियम आणला होता, तो जून २०२४ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने रद्दबातल ठरवला. राज्यांचे कायदे मात्र वेगळे आहेत. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे आपली वस्ती मोठी आहे आणि निर्बंधही कडक आहेत. टेक्सासमधल्या मित्राचं ऐकून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये खरेदीला निघू नका. आणखी एक: या पिस्तुलाला पुढे उभी मूठ बसवली तर त्याचा कायदेशीर वर्गच बदलू शकतो. पंधरा डॉलरच्या त्या तुकड्यासाठी गुन्हा ओढवून घेऊ नका. हात अडवायला छोटा हँडस्टॉप पुरतो.

मोजमाप एकच ठेवा

अचूकता इंचांत सांगितली की अंतर सोबत सांगावं लागतं, म्हणून नेमबाज कोनात बोलतात. 'मिनिट ऑफ अँगल', म्हणजे एमओए, हा अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर (साधारण ९१ मीटर) तो १.०४७ इंच भरतो. व्यवहारात एक इंच धरा, पन्नास यार्डांवर अर्धा इंच, पंचवीसवर पाव इंच. म्हणजे पन्नास यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप आला तर तो साधारण तीन एमओए.

ग्रुप मोजताना एकमेकांपासून सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका गोळीचा व्यास वजा करा. ५.५६ आणि .२२३ या एआरच्या नेहमीच्या दोन काडतुसांसाठी तो ०.२२४ इंच.

नळी आखूड झाल्याने काय बिघडतं, काय नाही

आखूड नळी मुळात कमी अचूक नसते. उलट, तेवढ्याच जाडीची नळी आखूड असेल तर ती जास्त ताठ असते. लांब वेताची छडी झोका घेते, तिचाच वीतभर तुकडा हलत नाही, तसं. नळी नीट कापलेली असेल, तोंडाची कड स्वच्छ असेल आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बरी असेल तर साडेदहा इंची नळी सोळा इंचीइतकेच घट्ट ग्रुप देऊ शकते.

कमी होतो तो वेग. ५.५६ चं ५५ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधं काडतूस वीस इंची नळीतून सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास सुटतं, साडेदहा इंचीतून साधारण २,७०० आणि साडेसात इंचीतून त्याहून बरंच खाली. हे काडतूस लांब नळीसाठी घडवलेलं आहे. आखूड नळीत दारूचा काही भाग बाहेर येऊन जळतो, म्हणून तोंडाशी आगीचा भपका आणि कानठळ्या बसवणारा आवाज. वेग कमी म्हणजे लांबवर गोळी जास्त खाली येणार आणि वाऱ्याने जास्त सरकणार. शंभर यार्डांच्या आत या दोन्हींचा त्रास फारसा जाणवत नाही.

.३०० ब्लॅकआउटची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये उद्योगाच्या मानकांत आलेल्या या काडतुसाची दारू नऊ-दहा इंचांतच जवळपास जळून जाते, म्हणून आखूड नळीला ते शोभतं. पण त्याचं जड, ध्वनीपेक्षा हळू जाणारं काडतूस पन्नासवर झीरो केलं, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागेल असं जुळवलं, तर शंभरवर सुमारे अर्धा फूट खाली लागतं. हलकी आणि जड काडतुसं एकाच झीरोवर वापरू पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. आणि .३०० चं काडतूस .२२३ च्या बंदुकीत कधीही जाता कामा नये. ते बसू शकतं, आणि नळी फुटते. दोन्ही बंदुका घरात असतील तर मॅगझिन वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि एका फेरीला एकच कॅलिबर घेऊन जा.

नऊ मिमीच्या, सबमशीनगनसारख्या दिसणाऱ्या पिस्तुलांबद्दल एवढंच: पन्नास यार्डांवर दोन ते तीन इंच मिळाले तर समाधान माना. शंभरवर गोळी पोचते, पण ते त्यांचं काम नाही.

खरा फरक बंदुकीला आधार देण्यात आहे. एआर पिस्तुलात गाल टेकवायला जागा कमी, ब्रेस दस्त्याइतका घट्ट बसत नाही, पुढचा हात धरायला जागा वीतभर. बंदूक तेवढीच नेमकी असली तरी तुम्ही ती तेवढी स्थिर धरू शकत नाही. लोक ज्याला 'आखूड नळीची चूक' म्हणतात ती बहुतेक इथे असते.

निघण्यापूर्वी बंदूक तपासा

मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि बोट घालून खात्री करा. मगच पुढचं.

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं यंत्र) किंवा दुर्बीण ज्यावर बसते तो माउंट हाताने हलवून बघा. नव्या माणसाच्या फुटलेल्या ग्रुपांमागे सैल माउंट जितक्या वेळा असतो तितकं दुसरं काही नसतं. स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला कसा आणि पेंटच्या मार्करने रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सरकला का ते एका नजरेत कळतं. हँडगार्ड, म्हणजे पुढच्या हाताने धरायचं नळीभोवतीचं आवरण, नळीला कुठेही टेकत नाही ना, हे पाहा. तो नळीपासून सुटा, म्हणजे फ्री-फ्लोट असेल तर फार बरं. नाहीतर वाळूच्या पिशवीवर ठेवताना येणारा दाब थेट नळीवर येतो आणि गोळ्यांची जागा बदलते. नळीच्या तोंडावर बसवलेला, भपका कमी करणारा फ्लॅश हायडर घट्ट आहे का, तेही बघा.

रेड डॉटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. दोन एमओएचा ठिपका शंभर यार्डांवर दोन इंच झाकतो, चारचा चार इंच. ठिपक्याहून बारीक नेम कोणी धरत नाही असं नाही, पण नवख्याला जमत नाही. प्रकाश इतका कमी करा की ठिपका जेमतेम दिसेल. तो तुम्हाला फुटलेला, शेपटीसारखा दिसत असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात गोल आणि डोळ्याला वाकडा दिसला तर अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. यंत्र परत करू नका, चष्म्याचा नंबर तपासा. अचूकता मोजण्यापुरती कोणाची तरी चार-सहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण उसनी मिळाली तर सर्वांत चांगलं, कारण मग नजरेची चूक बाजूला होते आणि बंदूक एकटी उरते.

काडतुसं: किमान तीन प्रकार न्या

एकाच नळीतून वेगवेगळ्या काडतुसांचे ग्रुप दुप्पट-अडीचपट फरकाने येतात. म्हणून एकच स्वस्त डबा उडवून बंदुकीबद्दल मत बनवू नका. ५५ ग्रेनचं साधं, ६२ ग्रेनचं आणि ६९ किंवा ७७ ग्रेनचं मॅच (स्पर्धेच्या) दर्जाचं, असे तीन प्रकार घ्या. मॅच महाग असतं, वीसचा एक डबा पुरतो. नळीवर ट्विस्ट, म्हणजे आतले आटे किती इंचांत एक फेरा घेतात ते, कोरलेला असतो: १:७ किंवा १:८ असेल तर जड गोळ्या स्थिर होतात. १:९ असेल तर ७७ ग्रेनचा भरवसा धरू नका, ६९ पर्यंत राहा. टार्गेटवर भोक गोल न येता आडवं, लांबट आलं तर गोळी हवेत डुलते आहे. ते काडतूस त्या नळीतून बाद.

बंदुकीवर ५.५६ लिहिलं असेल तर .२२३ चालतं. उलट, फक्त .२२३ लिहिलेल्या नळीत ५.५६ घालू नका, दाब वाढतो.

बेंचवर बसताना

कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. साडेदहा इंची नळीचा आवाज कानाला कायमची इजा करण्याइतका असतो आणि बंद रेंजमध्ये तो भिंतींवरून परत येतो. शक्यतो उघड्यावरची रेंज निवडा. आवाजाने माणूस दचकतो, दचकला की चाप झटक्याने ओढतो, आणि मग आपण अचूकता मोजत नसून भीती मोजत असतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

पुढच्या हाताची बोटं नळीच्या तोंडापुढे कधीच जाता कामा नयेत. लांब रायफल चालवलेल्या माणसालाही हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हाताची सवय पुढे सरकायची असते. सात इंची नळीवर एवढी एक सवय बोटं घेऊन जाते. हँडस्टॉप यासाठीच लावायचा.

हँडगार्डखाली भरीव वाळूची पिशवी ठेवा, मागे ब्रेसखाली छोटी पिशवी. मागची पिशवी मुठीत दाबून ठिपका वर-खाली न्यायचा, खांद्याने किंवा मनगटाने नाही. मॅगझिन दहा किंवा वीस गोळ्यांची आखूड घ्या, नाहीतर ती कधी बेंचला टेकते, कधी नाही, आणि दर गोळीला आधार बदलतो. गाल दर वेळी एकाच जागी. ब्रेसवर गालाची जागा सापडत नसेल तर तिथे टेपचा तुकडा चिकटवा आणि तो गालाला लागला की मगच चाप ओढा. मूळ एआरचा चाप सहा-आठ पौंडांचा आणि खरखरीत असतो. सावकाश, श्वास सोडून झाल्यावर, ठिपका हलत नसताना दाबत न्या.

झीरो आणि मग मोजणी

आधी पंचवीस यार्डांवर कागदावर आणा, मग पन्नासवर झीरो करा. पाच गोळ्या झाडा, त्यांचा मध्य काढा, त्या मध्यावरून यंत्राच्या स्क्रूच्या क्लिक बदला. एका गोळीमागे धावून क्लिक फिरवत बसलात तर झीरो कधीच होत नाही. बऱ्याच रेड डॉटमध्ये एक क्लिक अर्ध्या एमओएची असते, म्हणजे पन्नासवर पाव इंच. आपल्या यंत्राची पुस्तिका पाहून घ्या.

नेमाचं यंत्र नळीच्या साधारण अडीच इंच वर बसतं. त्यामुळे पन्नासवर झीरो केलेल्या साडेदहा इंची पिस्तुलाची ५५ ग्रेनची गोळी सात यार्डांवर सुमारे दोन इंच खाली लागते, पंचवीसवर एक इंच खाली, शंभरवर एक इंच वर, दोनशेवर दोन-तीन इंच खाली आणि तीनशेवर फूटभराहून जास्त खाली. हा क्रम कागदावर लिहून बंदुकीच्या पिशवीत ठेवा. जवळच्या टार्गेटवर खाली लागल्याचं पाहून झीरो बिघडला असं समजणारे आणि पुन्हा क्लिक फिरवणारे बरेच भेटतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: दहा गोळ्यांचा ग्रुप मोजा. तीनचा नाही.

याचं कारण निव्वळ गणित आहे. गोळ्या मध्याभोवती विखुरतात आणि जितक्या जास्त झाडाल तितकी एखादी दूर जाण्याची शक्यता वाढते. तीच बंदूक, तोच माणूस, तेच काडतूस असताना दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपाच्या साधारण १.६ पट मोठा येतो आणि पाच गोळ्यांच्या सव्वापट. म्हणजे सरासरीने दीड इंचाचे तीन गोळ्यांचे ग्रुप देणारी बंदूक खरं तर दहा गोळ्यांत सुमारे अडीच इंचाची आहे. शिवाय तीनचे ग्रुप एकमेकांत फार बदलतात. आज एक इंच, पुढच्याला अडीच, काहीही न बदलता. या नैसर्गिक चढउताराला माणसं कारणं शोधतात, काडतूस बदलतात, नळी बदलतात. दहा गोळ्यांनी तो गोंगाट बराच शांत होतो. 'ती एक गोळी सोडून द्या, ती माझ्या हातून सुटली' असं म्हणून मोजणीतून काही वगळू नका. चाप ओढताना, भोक पाहण्याआधी, तोंडाने 'सुटली' म्हणाला असाल तरच ते खरं.

दहा गोळ्या भराभर झाडू नका. नळी हाताला सोसेनाशी तापली की थांबा. प्रत्येक काडतुसाचे दोन ग्रुप घ्या, कागदावर तारीख, अंतर, काडतुसाचा प्रकार आणि वारा लिहा. फोटो काढलात तर कागदावर मोजपट्टी ठेवून काढा.

आकड्यांचा अर्थ

बाजारात मिळणाऱ्या बऱ्या दर्जाच्या साडेदहा ते साडेबारा इंची ५.५६ नळीकडून, बेंचवरून, दहा गोळ्यांसाठी माझ्या अपेक्षा अशा: साध्या ५५ ग्रेनच्या काडतुसांनी तीन ते चार एमओए, मॅच काडतुसांनी दीड ते अडीच. साडेसात इंचीकडून याहून थोडं सैल धरा, तेही मुख्यतः भपका आणि दणका यांमुळे नेमबाज डळमळतो म्हणून. रेड डॉट लावलेल्या नवख्या माणसाचे पहिल्या दिवसाचे ग्रुप चार ते सहा एमओएचे आले तर त्यात काही चुकलेलं नाही.

मॅच काडतुसांनी, दुर्बीण लावून, घट्ट आधारावरही दहा गोळ्या पाच एमओएच्या आत येत नसतील तर मात्र शोध घ्या, आणि या क्रमाने: माउंट, हँडगार्डचा नळीला स्पर्श, तोंडावरचा फ्लॅश हायडर, मग एखाद्या अनुभवी नेमबाजाला तीच बंदूक, तेच काडतूस देऊन त्याचा ग्रुप. त्याचा घट्ट आला तर बंदूक ठीक आहे आणि तुम्हाला सरावाची गरज आहे, जी नव्या नळीपेक्षा स्वस्त पडते. त्याचाही फुटला, तरच नळी विक्रेत्याकडे न्यायची.

उभं राहून झाडताना हे सगळे आकडे बाजूला ठेवा. पन्नास यार्डांवर आठ इंची पोलादी पाटी दहापैकी नऊ वेळा वाजली की पंचाहत्तरवर जा. ती पाटी तिथे सोळा एमओएच्या जागी सुमारे साडेदहा एमओएची होते. बंदूक तीनची आहे, म्हणजे उरलेली सगळी जागा तुमच्या डुलण्यासाठी आहे. ब्रेस शरीराशी घट्ट, पुढचा हात हँडस्टॉपला रेटलेला, वजन पुढच्या पायावर. इथे आठवड्याच्या सरावाने जो फरक पडतो तो कोणत्याही सुट्या भागाने पडत नाही. घरी रिकाम्या बंदुकीवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या खुणेकडे पाहत चाप दाबण्याचा सराव रोज दहा मिनिटं करा.

दीडशे यार्डांपुढे जायचं असेल तर काडतूस एकच ठरवा आणि प्रत्येक अंतरावर स्वतः झाडून गोळी किती खाली येते ते नोंदवा. डब्यावरचे आकडे लांब नळीचे असतात, ते तुमच्या पिस्तुलाला लागू पडत नाहीत.

रेंज सोडताना

बंदूक रिकामी असल्याचं पुन्हा डोळ्याने आणि बोटाने तपासा, कुलूपबंद पेटीत ठेवा. काही खाण्याआधी हात आणि तोंड गार पाण्याने, साबणाने धुवा, शिशाची धूळ बोटांवर असते. लहान मुलं घरात असतील तर रेंजवरचे कपडे आणि बूट आत नेऊ नका.

आणि रेंजवर नेलेली सॅक भारतात जाताना कधीही वापरू नका. खिशाच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पोलिसांत प्रकरण जातं आणि घरी भेटीला आलेल्या माणसाची सुट्टी ठाण्यात आणि न्यायालयात जाते. रिकामी पुंगळीही सोबत ठेवू नका. रेंजसाठी एक स्वतंत्र पिशवी घ्या, तिच्यावर ठळक खूण करा, आणि ती बंदुकीच्या पेटीशेजारीच कुलपात ठेवा.